अंधांचें गिरिभ्रमण आणि डोळसांचें वाङ्मय

प्रवासवर्णन हें डोळ्यांचें वाङ्मय आहे, अशी आपली पक्की समजूत आहे; इतकी पक्की, कीं ही केवळ एक समजूत आहे हेंहि आपल्या ध्यानांत राहत नाहीं. 'मीं अमुक पाहिलें' हा या वाङ्मयाचा मूळ धातु. बाकीचें सारें त्यावरचे प्रत्यय. डोंगरांवरील लेखनाची गोष्ट तर बोलावयासच नको. घाम गाळून वर जावयाचें तें खालचा मुलूख एका दृष्टिक्षेपांत घेण्यासाठीं, हें लिहिणारा व वाचणारा या दोघांनींहि मुकाट्यानें मान्य केलेलें असतें. मग ज्याला दृष्टिक्षेपच नाहीं त्यानें डोंगर कां चढावा? आणि चढलाच, तर त्यानें लिहावें काय?

हा प्रश्न मला पडला तो तात्त्विक जिज्ञासेपोटीं नव्हे. आमच्या महाविद्यालयांतील सात दृष्टिहीन विद्यार्थ्यांनीं गेल्या श्रावणांत सिंहगड पायीं चढण्याचा बेत केला, आणि सोबत यावयाच्या डोळस मंडळींच्या यादींत मला न विचारतां माझें नांव घातलें. मी पन्नाशी ओलांडलेला इंग्रजीचा अध्यापक. कोणत्याहि संकटास तोंड द्यावयाचें म्हणजे आधीं त्यावरचीं पुस्तकें वाचून काढावयाचीं, ही माझी जुनी खोड. त्याप्रमाणें महिनाभर मीं अंध प्रवाशांचीं व गिरिजनांचीं पुस्तकें वाचलीं, एक चित्रपट दोन वेळां पाहिला, आणि कांहीं मतें बनवून गडाच्या पायथ्याशीं गेलों. त्यांतलें जें मत मला सर्वांत पसंत होतें तेंच अर्ध्या वाटेवर मोडलें. या वाचनाचा व त्या मोडतोडीचा असा दुहेरी हिशेब येथें द्यावयाचा आहे.

या वाङ्मयाचा आद्य पुरुष म्हणून जेम्स होल्मन याचें नांव घ्यावें लागेल. १७८६ सालीं एक्सेटर येथें जन्मलेला हा इंग्रज आरमारी अधिकारी पंचविशीच्या सुमारास पुरता अंध झाला, आणि पुढचें आयुष्य त्यानें जगभर हिंडण्यांत घालविलें. १८२१ सालीं तो व्हेसूव्हियस चढला, आणि तोहि ज्वालामुखी जागा असतां. पुढें सैबेरियांत इर्कुत्स्कपर्यंत पोंचला, तेथून झारच्या हुकुमानें त्याला पकडून हद्दीबाहेर काढण्यांत आलें. कारण हेरगिरीचा संशय. आंधळ्यावर हेरगिरीचा संशय यावा, हा त्याच्या निरीक्षणशक्तीचा केवढा सन्मान! गाडींत बसून कंटाळा आला, कीं गाडीला दोर बांधून व त्याचें टोक हातीं धरून हा गृहस्थ मागून पायीं चाले. ज्याला दिसत नाहीं त्यानें प्रवास करावाच कशाला, हा प्रश्न त्याला जन्मभर विचारला गेला. १८३४–३५ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या चार खंडी पृथ्वीपर्यटनाच्या आरंभीं त्यानें त्याचें उत्तरहि दिलें आहे. उत्तराचा आशय असा, कीं डोळसाचें समाधान एका नजरेनें होतें, मला मात्र खोदून खोदून विचारावें लागतें, म्हणून माझें ज्ञान अधिक कसून मिळविलेलें असतें.

उत्तर बाणेदार आहे. पण पुस्तकानें तें पुरतें पटत नाहीं. होल्मनच्या पानोपानीं दुसऱ्यांनीं सांगितलेली माहिती भरली आहे: प्रदेशांचा इतिहास, व्यापार, साहेबलोकांच्या घरच्या मेजवान्या. दोर धरून चालणाऱ्या त्या माणसाच्या तळपायांस रस्त्याविषयीं काय कळलें, लोखंडी टोकाची काठी दगडावर आपटली म्हणजे भोंवतालच्या जागेविषयीं ती काय सांगे, हें मला हवें होतें. तें ओझरतेंच हातीं लागतें. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आपण डोळसासारखें लिहूं शकतों हें सिद्ध करणें त्याच्या काळीं त्याला भाग होतें, आणि तें त्यानें केलें. जगांतील एका विलक्षण प्रवाशाचीं पुस्तकें इतकीं सर्वसामान्य कां झालीं, याचें कारण हेंच.

होल्मननंतर पावणेदोनशें वर्षांनीं एरिक वाइहेनमायर या अमेरिकन गिर्यारोहकाचें 'टच द टॉप ऑफ द वर्ल्ड' हें आत्मचरित्र आलें. १९६८ साली जन्मलेल्या या माणसाची दृष्टि बालपणापासून मंदावत जाऊन पौगंडावस्थेंत पूर्ण गेली. २५ मे २००१ रोजीं तो एव्हरेस्टवर उभा राहिला, आणि असें करणारा तो पहिला अंध मनुष्य. पुढच्या गड्यानें घंटी वाजवीत चालावयाचें, त्या नादाच्या रोखानें यानें मागून यावयाचें, दोन हातांतील दोन काठ्यांनीं प्रत्येक पाऊल आधीं चांचपून मग टाकावयाचें, ही त्याची रीत. वाचकास आश्चर्य वाटेल अशी गोष्ट ही, कीं उभा कडा त्याला फारसा अवघड वाटत नाहीं. कड्यावर हात व पाय दोन्ही दगडाला भिडलेले असतात. जें धरावयाचें तें बोटांखालींच असतें. खरी परीक्षा सपाटीवरच्या विसकटलेल्या दगडगोट्यांत. तेथें एक पाऊल दुसऱ्यासारखें नसतें, आणि मागच्या पावलापासून पुढच्याचा अंदाज बांधतां येत नाहीं. एव्हरेस्टच्या पायथ्याजवळचा खुंबूचा हिमप्रपात पहिल्या खेपेस ओलांडण्यास त्याला तेरा तास लागले ते याच कारणानें. डोळसाला जें सोपें तें अंधाला कठीण, आणि डोळसाची ज्या ठिकाणीं छाती दडपते तें अंधाला सुकर, हा या वाङ्मयांतून मला मिळालेला पहिला खराखुरा धडा; आणि तो वर्णनांतून न मिळतां चालण्याच्या तपशिलांतून मिळाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुस्तक मात्र विजयाच्या साच्यांत ओतलेलें आहे. अडचण, जिद्द, यश. पुन्हा अडचण, जिद्द, यश. लेखक विनोदी आहे, स्वतःची फजिती मोकळेपणानें सांगतो, म्हणून तें जाचत नाहीं. तथापि ज्याला शिखरावरून कांहींच दिसावयाचें नाहीं त्याच्या हकीकतीचाहि कळस शिखरच असावा, हें मला खटकलें. शिखराची महती डोळ्यांनीं ठरविलेली. ती अंधानें उसनी कां घ्यावी? गडावर जाण्यापूर्वीं हा प्रश्न मला फार मार्मिक वाटत होता.

तो मार्मिक वाटण्याचें श्रेय साब्रिये टेनबेर्केन या जर्मन विदुषीला. बाराव्या-तेराव्या वर्षीं हिची दृष्टि गेली. विद्यार्थिदशेंतच तिनें तिबेटी भाषेसाठीं ब्रेल लिपि सिद्ध केली. १९९७ सालीं घोड्यावर बसून तिबेटच्या खेड्यापाड्यांतून अंध मुलांचा शोध घेतला, आणि पुढच्याच वर्षीं पॉल क्रोनेनबेर्ग या डच सहकाऱ्यासह ल्हासा येथें त्यांच्यासाठीं शाळा काढली. तेथें अंधत्व हें मागच्या जन्मींच्या पापाचें फळ मानलें जाई. मुलें अंधाऱ्या खोलींत पडून असत, क्वचित् खाटेला बांधलेलींहि सांपडलीं. (आपण नाकें मुरडूं नयेत. आपल्या म्हणी आठवाव्या. आंधळ्याच्या गाई देव राखतो, आंधळें दळतें नि कुत्रें पीठ खातें. कारभार वाईट असला कीं तो आंधळा. मला आठवतात तेवढ्या म्हणींत वाट चालून कोठें पोंचलेला आंधळा एकहि नाहीं.) एव्हरेस्टची वार्ता या शाळेंत पोंचली तेव्हां टेनबेर्केनबाईंनीं वाइहेनमायरला पत्र घातलें. तो आला, आणि २००४ च्या शरद् ऋतूंत शाळेंतील सहा मुलें, अमेरिकन वाटाड्ये व हे दोन अंध पुढारी असा तांडा एव्हरेस्टच्या उत्तरेकडील ७,०४५ मीटर उंचीच्या ल्हाक्पा री या शिखराकडे निघाला. या मोहिमेवर लूसी वॉकर यांनीं काढलेला 'ब्लाइंडसाइट' हा चित्रपट २००६ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आला. अंधांनीं समूहानें व डोळसांच्या सोबतीनें डोंगर चढण्याविषयीं ज्या कृति माझ्या पाहण्यांत आल्या त्यांत हीच सर्वांत विचार करावयास लावणारी, म्हणून तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

चित्रपटाचें मोठें बळ असें, कीं तो एका सरळ यशोगाथेसाठीं निघाला आणि वाटेंत त्याला भांडण सांपडलें. उंची वाढूं लागली तशीं मुलांचीं डोकीं दुखूं लागलीं. कांहींना खालीं पाठविण्याची वेळ आली. उरलेल्यांना घेऊन शिखर गांठावें, कीं सर्वांनींच परतावें? गिर्यारोहकांचें म्हणणें, कीं ज्यांना जातां येईल त्यांना जाऊं द्या. हीं मुलें वर पोंचलीं तर त्यांना रस्त्यावर शिव्या घालणाऱ्या जगाला तें उत्तर होईल. टेनबेर्केनबाईंचें म्हणणें, कीं शिखर हें तुमच्या स्पर्धेच्या जगाचें दैवत आहे. मुलांना हवी आहे ती सोबत, गप्पा, बर्फाचा स्पर्श. एक वर आणि एक खालीं अशी विभागणी झाली तर मोहिमेचा अर्थच गेला. अखेर सर्वजण परतले. सुमारें २१,५०० फुटांपर्यंत ते गेले होते, आणि अंधांचा एवढा समूह तितक्या उंचीवर त्यापूर्वीं गेलेला नव्हता. बर्फाच्या सुळक्यांमध्यें मुलें हात फिरवीत हिंडतात, तीं दृश्यें मन प्रसन्न करतात.

दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत आणि दिग्दर्शिकेनें कोणालाहि खलनायक केलेलें नाहीं. हें सोपें नव्हतें. एका मुलाच्या दुरावलेल्या घरच्यांचा शोध मध्येंच गुंफला आहे. तो भाग कथेला थांबवितो खरा, पण ज्याला घरींच जागा नव्हती त्याला शिखर देऊं पाहणें म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळेंच धारदार होतो. माझी तक्रार दुसरी आहे. तंबूंतील वादापाशीं थोडा वेळ गेला, कीं पडद्यावर हिमशिखरांची रांग झळकते; पुन्हा वाद, पुन्हा शिखरें. हीं शिखरें कोणासाठीं? ज्यांची ही गोष्ट, त्यांनाच काय तीं दिसत नाहींत. चित्रपट हें माध्यमच डोळ्यांचें, तेव्हां हा आक्षेप अन्यायाचा, असें कोणी म्हणेल. पण त्याला कानहि आहेत. घंटीचा नाद, काठ्यांची टकटक, विरळ हवेंतला श्वास, बर्फ दाबला जातांना होणारी करकर, एवढें भांडवल हाताशीं असतां पार्श्वसंगीताचा हात थोडा आखडता घेतला असता, तर प्रेक्षकाला घडीभर तरी मुलांच्या जागीं चालतां आलें असतें.

टेनबेर्केनबाईंच्या पुस्तकांतला एक प्रसंग या संदर्भांत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नाम्त्सो नांवाच्या खाऱ्या सरोवराच्या कांठीं त्या बसल्या होत्या. मावळत्या उन्हांत चकाकणारा मिठाचा किनारा, निळेंहिरवें पाणी, असें चित्र त्यांच्या मनांत उभें राहिलें आणि त्या तें रंगून वर्णूं लागल्या. मग उघडकीस आलें, कीं त्यांचें तोंड सरोवराकडे नव्हतेंच. समोर खडक व करडा माळ होता. हा प्रसंग ऑलिव्हर सॅक्स या विख्यात वैद्य-लेखकानेंहि आपल्या एका निबंधांत घेतला आहे. बाई तो हंसत हंसत सांगतात. परंतु मला त्यांत हंसण्यापेक्षां अधिक कांहीं दिसतें. सरोवर तेथें होतें. त्याचा रंगहि बहुधा तसाच होता. चुकली ती दिशा. आपल्या डोळस कवींपैकीं कितीजण ज्या गोष्टीकडे पाठ करून बसले आहेत तिचेंच वर्णन करीत असतात, हें मीं तीस वर्षें शिकविलें आहे, आणि त्यांतल्या एकालाहि कोणी खांदा धरून वळविलेलें नाहीं.

याच्या अगदीं उलट टोकाला बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जॉन हल. त्यांचें 'टचिंग द रॉक' १९९० सालीं प्रसिद्ध झालें. हल डोंगर चढणारे नव्हेत. ध्वनिफितींवर बोलून ठेवलेली ती अंधत्वाची रोजनिशी आहे. प्रौढ वयांत दृष्टि गेल्यावर या माणसाच्या मनांतलीं चित्रेंहि हळूहळू पुसत गेलीं, आणि तें त्यांनीं होऊं दिलें. पावसाचें त्यांचें टिपण प्रसिद्ध आहे: पाऊस प्रत्येक वस्तूवर वेगळा वाजतो, त्यामुळें अंधाला एरवीं नसलेला सबंध परिसर, पायरी, झुडूप, छप्पर, भिंत असा एकाच वेळीं उभा राहतो. इंग्रजी गद्याच्या माझ्या वाचनांत पावसावर याहून चांगलें फार थोडें आहे. तें चांगलें कां, तर त्यांत एकहि उसना शब्द नाहीं. होल्मननें जें केलें नाहीं तें हल यांनीं केलें. आणि ज्याला मी वाङ्मय म्हणेन तें या सबंध ढिगांत येथेंच प्रथम भेटलें.

असा सज्ज होऊन मी आतकरवाडीस उतरलों.

व्यवस्था एका गिर्यारोहक मंडळाच्या तरुणांनीं केली होती. प्रत्येक अंध विद्यार्थ्याच्या पुढें एक डोळस. त्याच्या पाठीवरच्या पिशवीला विद्यार्थ्यानें एक हात लावावयाचा, दुसऱ्या हातांत काठी. वाट चिंचोळी झाली कीं एक हलका लांब बांबू, त्याच्या दोन टोकांना डोळस आणि मध्यें अंध. फ्रान्समध्येंहि अशाच दांडीची चाल आहे. सर्वांच्या पुढें पायथ्याच्या वाडींतला एक तरुण होता. त्यानें बैलाच्या गळ्यांतलें घुंगरूं काठीला बांधलें होतें, आणि त्याचा नाद दाट धुक्यांतूनहि नीट येत होता.

माझ्या वांट्याला एम. ए. च्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आली. मी चांगला वर्णनकार आहें अशी माझी ख्याति असल्यानें, बोलत चालावें अशी मला सूचना होती. पहिल्या वळणावर मीं हिरवाईविषयीं बोललों, दुसऱ्यावर ढगांविषयीं. तिसऱ्यावर ती अडखळली व तिच्या गुडघ्याला खरचटलें, कारण ढगांच्या नादांत हातभर उंच पायरी सांगावयाची राहिली होती. "सर, शोभा मागाहून सांगा, आधीं पायरी," ती म्हणाली. तिच्या स्वरांत राग नव्हता; टिपण नीट लिहून न देणाऱ्या मुलाला मी ज्या स्वरांत बोलतों तोच तो स्वर होता.

पुढचा वाडींतला तरुण मात्र मागें वळून एकेक शब्द टाकीत होता. "घसारा आला." "आतां कातळ, ओला आहे." "डाव्या अंगाला शेवाळ." "दोन पावलें उतार, मग उभा चढ." यांतला प्रत्येक शब्द पायाशीं बांधलेला होता. घसारा म्हटल्याबरोबर सात काठ्या आडव्या झाल्या आणि टाचा रुतवून पावलें पडूं लागलीं. शब्द उच्चारतांच देहांत तो अर्थ उमटावा, याहून भाषेकडून कवीनें तरी आणखी काय मागावें? मराठींत हे शब्द रगड आहेत: मुरूम, घळ, नाळ, सोंड, धार, कपार, खिंड. मावळांतल्या चालणाऱ्या माणसांनीं ते घडविले; आणि आम्हां लिहिणाऱ्यांच्या पदरीं काय, तर नयनरम्य, विलोभनीय, विहंगम. गो. नी. दांडेकर यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'चा येथें अपवाद केला पाहिजे. त्यांतलीं कांहीं पानें मीं पूर्वीं या विद्यार्थ्यांस वाचून दाखविलीं होतीं, आणि त्यांना तीं आवडलीं तीं कां, याचा उलगडा मला त्या घसाऱ्यावर झाला. तीं पानें पायांनीं लिहिलेलीं आहेत.

अर्ध्या वाटेवर धुकें एकाएकीं दाटलें. दहा हातांवरचें झाड दिसेनासें झालें. पाऊस नव्हता, वाट ओली असली तरी धोक्याची नव्हती. मंडळाचे तरुण निर्धास्त होते. मला दम लागला होता हेंहि प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. मीं सर्वांना थांबविलें आणि महिनाभर जोपासलेलें माझें मत मांडलें. शिखराचा हट्ट कशाला? चालणें झालें, सोबत झाली, हाच प्रवासाचा खरा लाभ. येथेंच बसून शिदोरी सोडूं. आणि मग वजन यावें म्हणून पुढें म्हणालों, "शिवाय या धुक्यांत वर जाऊन दिसणार तरी काय?"

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग माझी विद्यार्थिनी शांतपणें म्हणाली, "कोणाला, सर?"

सगळे हंसले, मीहि हंसलों, पण मनांत चरकलों. शिखराची महती डोळ्यांनीं ठरविलेली, अंधानें ती उसनी कां घ्यावी, असें ज्या मीं पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनें लिहिलें होतें, त्याच मला वर जाण्याचें कारण म्हणून देखाव्यावांचून दुसरें कांहीं सुचलें नव्हतें. आणि त्यांना शिखर नको असें ठरवितांना मीं त्यांच्यापैकीं एकालाहि विचारलें नव्हतें. दुसरा एक विद्यार्थी, थोडा फटकळ, म्हणाला, "आम्हांला किती पुरे हें दरवेळीं दुसरेच ठरवितात. घरीं आई ठरविते, वर्गांत आपण."

तेव्हां तो तंबूंतला वाद मला पुन्हा आठवला आणि वेगळा दिसला. परत फिरण्याचा निर्णय चूक होता असें मी म्हणत नाहीं. मुलें आजारी होतीं, आणि आजारी मुलांना त्या उंचीवर ठेवणें हा गुन्हाच झाला असता. चित्रपटांत मुलांचीं मनोगतें अगदींच नाहींत असेंहि नाहीं. परंतु शिखर म्हणजे काय, तें कोणाचें, तें गांठावें कीं सोडावें, हा ऊहापोह चालतो तो मोठ्यांमध्यें. एक पक्ष मुलांच्या वतीनें शिखर मागतो, दुसरा मुलांच्या वतीनें शिखर नाकारतो. त्यांतल्या नाकारणाऱ्या पक्षाच्या भूमिकेंत मी इतका रमलों होतों, कीं ती भूमिकाहि कोणाच्या तरी वतीनेंच घेतलेली आहे, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. दिग्दर्शिकेनें हा विरोध पाहिला आहे कीं नाहीं, हें दोनदां पाहूनहि मला सांगतां येत नाहीं. पाहिला असेल तर तिनें तो अधिक ठसठशीत करावयास हवा होता. निदान एकदां तरी तंबूंतला आवाज तंबूबाहेर बसलेल्या मुलांच्या कानांनीं ऐकवावयास हवा होता.

वाइहेनमायरवरहि मीं अन्याय केला होता. शिखर उसनें घेतलें म्हणून ज्याला मीं दोष दिला, त्याला तें उसनें वाटलेंच नसेल. जेथें चढ संपतो, जेथें काठी पुढें टाकली तर वर कांहीं लागत नाहीं, जेथें वारा चोहोंकडून येतो, ती जागा पायांना, काठीला आणि गालांना कळते. तिचा डोळ्यांशीं संबंध असलाच पाहिजे असें नाहीं.

हें मला वर गेल्यावर कळलें. कारण आम्ही वर गेलों. पुणें दरवाजा मला दिसण्यापूर्वीं विद्यार्थ्यांना कळला. घुंगराचा नाद एकदम भरीव झाला, हवा गार झाली, आणि माझ्या सोबतिणीनें हात लांब करून कमानीचा दगड गांठला. दरवाजा एकामागून एक असा तिहेरी आहे. तिन्ही कमानी त्यांनीं टाळ्या वाजवून मोजल्या. मी या दरवाजांतून वीसपंचवीस वेळां तरी गेलों असेन, पण प्रत्येक कमानीचा घुमारा निराळा आहे हें मला ठाऊक नव्हतें. कड्याकडे गेलों तेव्हां तर सारेंच उलटें झालें. धुक्यानें पुढचें कांहींच दिसेना. दरी कोठें सुरू होते हें सांगण्यास मी असमर्थ होतों. विद्यार्थी थांबले. खालून वर येणारा वारा त्यांना तोंडावर लागत होता. "येथून पुढें जाऊं नका, सर," असें मला सांगण्यांत आलें, आणि त्या बांबूचें मधलें स्थान मीं निमूटपणें पत्करलें.

नंतर मडक्यांतलें दहीं, पिठलें, भाकरी. तानाजीची गोष्ट एकानें सांगितली, आणि १६७० सालच्या त्या काळोख्या रात्रीं कडा चढणारांपैकीं कोणाला काय दिसत होतें, यावर दोघांचा कडाक्याचा वाद झाला. उतरतांना वेळ फार लागला. अंधाला चढापेक्षां उतार कठीण, कारण चढतांना पुढची जमीन जवळ येते आणि उतरतांना ती दूर जाते, पाऊल अधांतरीं राहतें. त्या वाटेवर मीं ढगांचें नांव काढलें नाहीं. "वीतभर खालीं", "गुडघाभर, उजवा पाय आधीं", असें बोलत राहिलों. एका टप्प्यावर धुकें फांटलें आणि खडकवासल्याचें पाणी चमकलें. मीं न राहवून तें सांगितलें. "कोणत्या बाजूला?" असें तिनें विचारलें, तोंड तिकडे वळविलें आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला काय मिळालें तें मीं विचारलें नाहीं.

इंग्लंडांत अमर लतीफ या अंध गृहस्थानें २००४ साली, म्हणजे ल्हाक्पा रीच्या त्याच वर्षीं, प्रवास घडविणारी एक संस्था काढली. तींत डोळस प्रवासी कमी पैसे भरतात आणि मोबदल्यांत अंध सहप्रवाशाला वाट दाखवितात व देखावे वर्णन करून सांगतात. जोड्या रोज बदलतात. आमच्या साहित्य-विषयाच्या विद्यार्थ्यांस वर्णनपर निबंध शिकविण्याऐवजीं महिन्यांतून एक दिवस अशा कामावर धाडावें, असें माझ्या मनांत येतें. पण अभ्यासमंडळापुढें हें मांडण्याचा धीर अद्यापि झालेला नाहीं.

ल्हाक्पा रीवर गेलेलीं तीं सहा मुलें आज तिशी ओलांडून गेलीं असतील. त्या तंबूबाहेर त्यांनीं काय ऐकलें, त्यांच्या काठ्यांना काय लागलें, शिखर त्यांना हवें होतें कीं नव्हतें, हें त्यांच्या स्वतःच्या भाषेंत त्यांच्याच तोंडून वाचावयास मिळालें, तर वर ज्या पुस्तकांचा मीं विचार केला त्यांतलीं निम्मीं मी खुशाल बाजूला ठेवीन.

आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या कार्तिकांत राजगडाचा बेत ठरविला आहे. चोरवाटेनें जावें कीं पाली दरवाजानें, यावर त्यांची बैठक परवां झाली. तींत मला श्रोता म्हणून बोलावलें होतें. सोबतीच्या यादींत माझें नांव यंदाहि आहे. जागा मात्र बदलली आहे: बांबूच्या मागच्या टोकाला, बोलण्याचें काम नसलेली.